बिनलेबलच्या व्हीएचएस कॅसेट: रेस कोणती, मालिका कोणती, साल कोणतं?

सातरस्ता_२२

नऊ व्हीएचएस कॅसेट आहेत, सगळ्या ई-१८०. लेबलं गळून पडलीत किंवा शाई उडाली आहे. चार लावून पाहिल्या. त्यांत हे आहे:

क्र. १: फॉर्म्युला वन. फलकांवर ऑस्ट्रेलिया दिसतं, कोपऱ्यात उपग्रह क्रीडावाहिनीचा शिक्का. लाल फेरारीवर १ आकडा. सुरुवात दोनदा होते. रेस संपल्यावर मुंग्या, आणि त्याखालून आधीच्या रेकॉर्डिंगचा तुकडा वर येतो: बी. आर. चोप्रांचं महाभारत, मध्ये ‘हमारा बजाज’ची जाहिरात.
क्र. २: चिमणराव, पूर्ण कृष्णधवल.
क्र. ३: पावसातली फॉर्म्युला वन. पहिल्याच वळणापुढे गाड्यांचा खच पडतो. टायरवर खाचा आहेत, पुढच्यांवर तीन.
क्र. ४: स्ट्रीट हॉक, दोन भाग.

उरलेल्या पाच अजून लावलेल्या नाहीत. त्यांतल्या दोघींच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरे ठिपके दिसतात. दोन प्रश्न: साल आणि शक्य असेल तर तारीख कशी पक्की करायची? आणि डिजिटल करताना काय सांभाळायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

गिअरबॉक्स_गिरगाव

क्र. १ ॲडलेड १९९०. फेरारीवर १ आकडा, म्हणजे आदल्या वर्षीचा जगज्जेता ड्रायव्हर, म्हणजे प्रोस्ट. ८९ ला मॅक्लारेनमधून विजेता होऊन तो फेरारीत गेला आणि १ आकडा सोबत घेऊन गेला. क्र. ३ बद्दल पिटलेनभाऊ सांगतीलच.

पिटलेन_परळ

गिअरबॉक्स, प्रोस्टचं बरोबर, पण १९९० जमत नाही. तेव्हा इथे केबलवर उपग्रह क्रीडावाहिनीच नव्हती, स्टार आलं १९९१ मध्ये. शिवाय विजेत्याने संघ बदलून १ आकडा फेरारीवर नेण्याचा प्रकार पुन्हा घडला आहे: १९९६, शूमाकर. आणि २००१ पासून काही वर्षं तोच विजेता असल्यामुळे १ आकडा फेरारीवरच राहिला. म्हणजे नुसत्या आकड्यावरून साल ठरत नाही.

चित्रातल्या खुणांवरून साल असं गाळत आणायचं:

सुरुवातीचे दिवे आधी पाहा. १९९५ पर्यंत लाल लागायचा आणि मग हिरवा. १९९६ पासून पाच लाल दिवे एकेक करून लागतात आणि सगळे एकदम विझले की गाड्या सुटतात. ही सगळ्यांत भरवशाची खूण, कारण ती प्रत्येक रेसमध्ये दिसते आणि मुंग्यांतूनही कळते.

मग टायर. १९९७ पर्यंत गुळगुळीत. १९९८ मध्ये खाचा आल्या, पुढे तीन आणि मागे चार. १९९९ पासून २००८ पर्यंत चारही टायरांवर चार-चार. २००९ ला परत गुळगुळीत. म्हणजे पुढे तीन खाचा हे एकट्या १९९८ चं लक्षण. टायरवरचं नावही कामाचं: १९९२ ते ९६ फक्त गुडइयर, ९७-९८ ला गुडइयर आणि ब्रिजस्टोन, २००१ ते ०६ मिशेलिन आणि ब्रिजस्टोन, २०११ पासून पिरेली.

पिटमध्ये (रेसमध्ये गाडी थांबवून टायर वगैरे बदलायची जागा) पेट्रोल भरताना दिसलं तर १९९४ ते २००९. (१९८२-८३ लाही भरायचे, पण ते इतक्या कॅसेटींवर सापडणार नाही.) गाडीखालून ठिणग्यांचा फवारा उडत असेल तर १९९४ च्या मध्यापर्यंतची. ९४ च्या मध्याला गाडीच्या पोटाखाली लाकडी फळी सक्तीची झाली आणि ठिणग्या जवळपास गेल्या. २०१५ ला टायटॅनियमच्या तुकड्यांमुळे परत आल्या. मॅक्लारेन लाल-पांढरी असेल तर १९९६ पर्यंतची, चंदेरी असेल तर ९७ पासूनची.

एका गोष्टीवर विसंबू नका: गाडीवरची सिगारेटची नावं. काही देशांत ती झाकावी लागायची, म्हणून एकाच वर्षात एकच गाडी दोन रूपांत दिसते.

क्र. ३ ला फार खल नको. पाऊस, पुढे तीन खाचा आणि तो खच म्हणजे बेल्जियममधलं स्पा, ३० ऑगस्ट १९९८. तेरा गाड्या अडकल्या, सुरुवात परत झाली. शेवटी डेमन हिल पहिला आणि राल्फ शूमाकर दुसरा आला. जॉर्डन संघाचा तो पहिला विजय.

क्र. १ चे दिवे तपासा. आणि ट्रॅकशेजारी तळं दिसतं का तेही सांगा. ॲडलेड शहराच्या रस्त्यांवर होतं, १९८५ ते ९५. मेलबर्नचा ट्रॅक अल्बर्ट पार्कच्या तळ्याभोवती आहे, १९९६ पासून.

वरळी_मनोरा

महाभारताच्या तुकड्यावर माझी भर. पहिलं प्रसारण २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९०, दर रविवारी सकाळी. ‘हमारा बजाज’ची मोहीम १९८९ ची. म्हणजे तो तुकडा मूळ प्रसारणाचा असेल तर १९८९ च्या सुरुवातीपासून जून ९० पर्यंतचा.

पण भाग ओळखून, ‘अमुक क्रमांकाचा भाग म्हणजे अमुक रविवार’ अशी तारीख काढू नका. ही चूक सर्रास होते. या दोन तारखांच्या मध्ये, दोन्ही धरून, ९१ रविवार येतात आणि भाग आहेत ९४. रामायणाचं उलट: २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ मध्ये ८० रविवार आणि ७८ भाग. एकीकडे भाग जास्त, दुसरीकडे रविवार जास्त. आठवडे मोजून काढलेली तारीख दोनतीन आठवड्यांनी सहज चुकते.

जाहिराती कालक्रमासाठी मालिकेपेक्षा जास्त उपयोगी. पत्त्यात ‘बॉम्बे’ आहे की ‘मुंबई’ ते बघा. इंग्रजीतलं नाव १९९५ ला बदललं. फोन सात आकडी की आठ आकडी तेही बघा. आठवा आकडा आला तो २००० च्या दशकाच्या सुरुवातीला. आणि वाहिनीचं नाव: ‘सह्याद्री’ म्हणत असतील तर २००० किंवा नंतरचं, त्याआधी ती डीडी-१० होती. ‘अल्फा मराठी’ असेल तर १५ ऑगस्ट १९९९ ते २००५.

शिवडी_लोकल

महाभारतात समयच निवेदक, आणि इथे कॅसेटचा समयही तोच सांगतोय! हरीश भिमानींच्या आवाजाला सलाम.

ट्रॅकिंगनॉब

सातरस्ता, साल नंतर. त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या दोन कॅसेटी कोणत्याही मशीनमध्ये घालू नका. ती बुरशी आहे. मुंबईत जून ते सप्टेंबर हवा सर्दावलेली असते आणि फितीच्या गुंडाळीची कड आधी धरते. अशी कॅसेट लावली की बुरशी ड्रमवर (फीत वाचणारी हेडं बसवलेलं फिरतं नळकांडं), गाइडवर आणि रबरी रोलरवर बसते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटला लागते. शिवाय चिकटलेले थर सुटताना फीत फाटते. फास्ट फॉरवर्डने तर हमखास.

क्रम असा ठेवा:

पहिलं काम, सगळ्या नऊ कॅसेटींच्या पाठीमागची रेकॉर्डिंगची छोटी प्लास्टिकची चकती तोडा. म्हणजे चुकून लाल बटण दाबलं गेलं तरी वरून काही रेकॉर्ड होणार नाही.

बुरशीच्या दोन कॅसेटी हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह, वेगळ्या ठेवा आणि पावसाळा उलटल्यावर उघडा. खालून पाच स्क्रू असतात. गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, हाताने एका रिळावरून दुसऱ्यावर फीत घेताना दोन बोटांत धरलेल्या, लव न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून ती जाऊ द्या. काही जण कापड अल्कोहोलने ओलं करतात. ते मला पटत नाही, कारण ओल चुंबकीय थरापाशी राहिली तर दुखणं वाढतं. दोनतीन फेऱ्यांनंतर रिळं धुतलेल्या दुसऱ्या खोक्यात बसवा. जुनं खोकं टाका, त्याच्या फेल्टमध्ये बुरशी असतेच.

फीत तुटली तर जोडपट्टी चकचकीत नसलेल्या, म्हणजे पाठच्या बाजूला लावायची, आणि ती स्प्लायसिंग टेपच हवी. सेलोटेपचा गोंद सरकून ड्रमवर येतो, आणि ड्रम मिनिटाला १५०० फेरे फिरतो. हेड तिथेच जातं.

व्हीसीआर बघून घ्या. चोरबाजारात किंवा लॅमिंग्टन रोडला अजून मिळतात, पण विकत घेण्याआधी एखादी टाकाऊ कॅसेट चालवून बघा. पावसात मशीन सुरूच होत नसेल तर बहुधा आत दव धरलं आहे. ड्यू सेन्सर अडवतो. तासदोन तास नुसतं वीज देऊन ठेवा. हेड साफ करायचं तर आयसोप्रोपाइल अल्कोहोल, ९९ टक्केवालं, साध्या कोऱ्या कागदाच्या पट्टीवर. पट्टी स्थिर धरायची आणि ड्रम हाताने आडवा फिरवायचा. वरखाली घासलं तर हेडचं टोक तुटतं. कापसाची काडी नको, धागा अडकतो. रबरी रोलरला अल्कोहोल लावू नका, रबर कडक पडतं. साबणाचं पाणी पुरतं.

मीनल_द

चिमणरावाबद्दल विचारते. कृष्णधवल आहे म्हणजे १९८२ आधीचं रेकॉर्डिंग, असं म्हणता येईल ना? रंग तेव्हा आला.

वरळी_मनोरा

मीनलताई, कार्यक्रम १९८२ आधीचा, हे नक्की. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि चिं. वि. जोशींच्या कथांवरची ही मालिका त्याच दशकातली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पण *कॅसेट* त्या काळातली असेलच असं नाही. घरोघरी व्हीसीआर पोचले ते एशियाडनंतर. बहुधा पुनःप्रक्षेपण रेकॉर्ड केलेलं असणार.

आणि अजून एक शक्यता तपासायची राहते: कॅसेट रंगीत असूनही कृष्णधवल *दिसणं.* व्हीएचएसवर रंगाची माहिती वेगळ्या, खालच्या कंपनसंख्येवर नोंदलेली असते, पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सुमारे ६२७ किलोहर्ट्झवर. तो संकेत क्षीण झाला की मशीनमधली ‘कलर किलर’ यंत्रणा रंग पूर्ण बंद करते, कारण अर्धवट रंगापेक्षा काळंपांढरं बरं. चाचणी सोपी आहे. कार्यक्रमाच्या आधी-नंतर निवेदिका किंवा जाहिरात आहे का बघा. ती रंगीत आणि चिमणराव काळापांढरा असेल तर सगळं ठीक. तीही काळीपांढरी असेल तर दुसऱ्या व्हीसीआरवर लावून बघा. हेड मळलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

मीनल_द

हे माहीत नव्हतं. खूप आभार! गजरा, प्रतिभा आणि प्रतिमा यांचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल तर तीच चाचणी तिथेही लागू होईल.

घाटकोपर_मेट्रो

डिजिटल करण्याबद्दल: एवढा व्याप नको. यूएसबीला लागणारं छोटं कॅप्चर यंत्र घ्या, पिवळी-पांढरी वायर जोडा, एमपी४ करा. तीन तासांची कॅसेट, तीन तासांत काम.

ट्रॅकिंगनॉब

घाटकोपर, मालिकेपुरतं चालून जाईल. रेससाठी अजिबात नाही, आणि कारणं सांगतो.

एक. कॅसेटचा संकेत डुगडुगतो, प्रत्येक ओळीची लांबी किंचित वेगळी. स्वस्त यंत्र अशा वेळी फ्रेम गाळतं. आवाज मात्र गाळत नाही. तासाभराने गाडी पिटमध्ये शिरल्यावर इंजिनाचा आवाज मागाहून येतो. उपाय: मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे ओळींची लांबी सारखी करणारं यंत्र. वेगळा महाग पडतो, म्हणून जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडतात. पॅनासॉनिकचे ईएस-१० आणि ईएस-१५ याच कामासाठी नावाजलेले. रेकॉर्ड करायचं नाही, संकेत नुसता त्यातून जाऊ द्यायचा.

दोन, आणि हे महत्त्वाचं. पाल चित्र सेकंदाला २५ फ्रेम, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांची, म्हणजे हालचालीचे ५० वेगळे क्षण. ही यंत्रं सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये सरळ २५ करतात आणि अर्धे क्षण फेकून देतात. बातम्या वाचणाऱ्या निवेदिकेला फरक पडत नाही. ३०० च्या वेगाने जाणाऱ्या गाडीवरचा आकडा मात्र पुसटतो किंवा कंगव्याच्या दातांसारखा फाटतो. आणि आपल्याला तोच आकडा वाचायचा आहे! म्हणून आधी ७२० बाय ५७६, इंटरलेस्ड (दोन अर्ध्यांचं) तसंच ठेवून, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ या फाइलप्रकारांत काहीही न गाळता घ्या. नंतर पाहण्याच्या प्रतीसाठी बीडब्ल्यूडिफ किंवा क्यूटीजीएमसी या फिल्टरने ५० फ्रेम करा, प्रमाण ४:३.

जागा: न गाळलेल्या प्रतीला तासाला साधारण ३० जीबी धरा. नऊ कॅसेटी, प्रत्येकी तीन तास, म्हणजे ८०० जीबीच्या वर. २ टीबीची डिस्क घ्या, आणि ती एफएटी३२ फॉरमॅटची नको. तिथे एक फाइल ४ जीबीवर जात नाही आणि कॅप्चर मध्येच तुटतं.

चित्राच्या तळाला आठदहा ओळी फाटलेल्या दिसतील. तो दोष नव्हे, तिथे एक हेड सोडून दुसरं लागतं. काळ्या पट्टीने झाका, कापून चित्र ताणू नका.

घाटकोपर_मेट्रो

५० क्षणांचं पटलं. माझं म्हणणं मागे घेतो. एस-व्हिडिओ वायरने फरक पडतो का?

ट्रॅकिंगनॉब

व्हीसीआरला तो सॉकेट असेल तर हो, लाल रंगाच्या कडा सुधारतात. साध्या मशीनना नसतो, त्यासाठी अडून राहू नका.

नाइटरायडर_नायगाव

अवांतर: क्र. ४ जपून ठेवा! स्ट्रीट हॉक म्हणजे १९८५ ची मोटरसायकलवाली अमेरिकन मालिका, अवघे १३ भाग. शीर्षकसंगीत टँजरीन ड्रीमचं. नायक जेसी माख म्हणजे रेक्स स्मिथ, मागे बसून यंत्रणा सांभाळणारा नॉर्मन टटल म्हणजे जो रेगलबुटो. एका भागात जॉर्ज क्लूनी पाहुणा आहे, तो भाग तुमच्या दोनांत आहे का बघा. नाइट रायडरशी गल्लत करू नका: तिथे गाडी पॉन्टिॲक ट्रान्स ॲम, आणि गाडीचा आवाज विल्यम डॅनियल्सचा, त्याचं नाव श्रेयनामावलीत नसायचं.

गिअरबॉक्स_गिरगाव

अवांतरात अवांतर. आत्ताच्या रेस साठवणाऱ्यांनी पुढच्या पिढीसाठी २०२६ ची खूणही नोंदवून ठेवावी: डीआरएस (ओव्हरटेक करताना मागचा पंख उघडणारी यंत्रणा) गेलं, पुढचे-मागचे दोन्ही पंख हलतात, रुंदी २००० वरून १९०० मिलिमीटर, आणि ऑडी, कॅडिलॅक धरून अकरा संघ. १८ इंची चाकं २०२२ पासून, त्याआधी १३ इंची. डोक्यावरचा हेलो (ड्रायव्हरला वाचवणारं कडं) २०१८ पासून.

आणि निकालांची गंमत: २०२५ चं विजेतेपद नॉरिसला वर्स्टापेनपेक्षा दोनच गुण जास्त मिळवून मिळालं. १९७६ ला हंट आणि लाउडा यांच्यात एक गुण. १९८४ ला लाउडा आणि प्रोस्ट यांच्यात अर्धा! तो अर्धा आला कारण त्या वर्षी मोनॅको पावसाने लवकर थांबवली आणि अर्धेच गुण दिले.

शिवडी_लोकल

रेस रेकॉर्ड करणाऱ्यांनी वेळही लिहावी. युरोपातली दुपारी ३ ची रेस उन्हाळ्यात आपल्याकडे साडेसहाला, सिल्व्हरस्टोन साडेसातला. मेक्सिको तर सोमवारी पहाटे दीडला. फाइलला रविवारची तारीख द्यायची की सोमवारची, याचा एकच नियम ठरवा; नाहीतर एकच रेस दोनदा साठवली जाते.

पिटलेन_परळ

तिथली स्थानिक तारीख द्यावी. सगळ्या नोंदी त्याच तारखेने असतात.

सातरस्ता_२२

सगळ्यांचे मनापासून आभार. चकत्या तोडल्या, बुरशीच्या दोन डब्यात गेल्या. क्र. १ पुन्हा बघितली:

दिवे पाच लाल, विझल्यावर गाड्या सुटतात. टायर गुळगुळीत. मॅक्लारेन लाल-पांढरी. झाडांमागे तळं आहे. पहिल्या सुरुवातीनंतर एक पिवळी गाडी उलटीपालटी होऊन तिचे दोन तुकडे होतात, लाल झेंडा, मग दुसरी सुरुवात. जाहिरातींच्या मध्ये क्रिकेट विश्वचषकाच्या भारत-श्रीलंका सेमीफायनलची सूचना आहे, कोलकाता.

चिमणरावाच्या आधीची निवेदिका रंगीत आहे.

पिटलेन_परळ

मग शंका उरत नाही. मेलबर्न, १० मार्च १९९६, तिथली पहिली रेस. पिवळी गाडी मार्टिन ब्रंडलची जॉर्डन. तो स्वतः सुखरूप निघाला आणि दुसरी सुरुवात राखीव गाडीतून केली. शेवटच्या काही फेऱ्यांत व्हिलन्यूव्हच्या गाडीतून तेल गळताना दिसेल. पदार्पणातच पोल (सगळ्यांत पुढची सुरुवातीची जागा) घेऊन तो पुढे होता, पण तेलामुळे त्याला हिलला पुढे जाऊ द्यावं लागलं आणि हिल जिंकला. ते दृश्य तुमच्या प्रतीत आहे का बघा.

क्रिकेटची सूचना तर फारच मोलाची. उपांत्यपूर्व फेरीतला भारत-पाकिस्तान सामना बंगळुरूला ९ मार्चला झाला आणि कोलकात्याची सेमीफायनल बुधवारी, १३ मार्चला. त्यामुळे रेकॉर्डिंग त्या चारपाच दिवसांतलंच. थेट प्रसारणाचं, नाहीतर फार तर त्याच आठवड्यातल्या पुनःप्रक्षेपणाचं.

वरळी_मनोरा

म्हणूनच विनंती: जाहिराती कापू नका. रेस जगात अनेकांकडे असेल, पण ती सूचना आणि खालचा महाभारताचा तुकडा याच फितीवर आहे. कॅप्चर मुंग्यांपाशी थांबवू नका, फीत संपेपर्यंत चालू ठेवा. फाइलच्या नावात दोन्ही तारखा घाला, रेसची पक्की आणि तुकड्याची ‘१९८९–९० अंदाजे’.

सातरस्ता_२२

तेल गळतंय, मागच्या हिलच्या गाडीवर उडालेलंही दिसतंय. क्र. १ आज रात्री शेवटपर्यंत घेतो. क्र. ५ च्या खिडकीतून फीत स्वच्छ दिसते, ती उद्या लावून इथेच लिहितो. बुरशीच्या दोन दिवाळीनंतर उघडेन.